शासकीय इमारतीसाठी कलाकृती: आधी भिंत वाचा, मग कलावंत शोधा

प्रश्न एका कार्यकारी अभियंत्यांचा आहे. थोडक्यात असा: नवी कार्यालयीन इमारत पूर्ण होत आली आहे, प्रवेशदालनातली दोन मजली उंच भिंत कलाकृतीसाठी राखून ठेवली आहे, निधी मंजूर आहे आणि तो याच आर्थिक वर्षात खर्ची पडायला हवा. निविदा काढावी की स्पर्धा घ्यावी? किती जणांकडून चित्रं मागवावीत? आणि उद्या कुणाला ती कलाकृती नकोशी वाटली तर काढून टाकता येते का?

या कामात माझी तेवीस वर्षं गेली. कधी निवड समितीचा सचिव, कधी कलावंताच्या बाजूने करार वाचणारा, आणि बरेचदा दोघांच्या मधला निरोप्या. त्या अनुभवावर सांगतो की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देता येतील, पण खरी अडचण प्रश्नाच्या सुरुवातीलाच आहे: इमारत पूर्ण होत आली आहे.

सरकारी बांधकामात कलेसाठी टक्का राखायची पद्धत अनेक देशांत आहे. अमेरिकेत संघराज्याच्या इमारती बांधणारी जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन अंदाजित बांधकाम खर्चाच्या किमान अर्धा टक्का कलेसाठी ठेवते. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या इमारतींपासून एक टक्क्याचा नियम सुरू केला. फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये तसाच नियम केला. टक्का बांधकामाच्या अंदाजपत्रकाला का जोडला, तर कलेचा पैसा पहिल्या दिवसापासून फाइलवर असावा म्हणून. पैसा पहिल्या दिवसापासून असतो, पण कलावंताला शेवटच्या महिन्यात बोलावणं जातं. मधल्या काळात त्या भिंतीवर सगळ्यांनी आपापला हक्क बजावलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. ग्रॅनाइटचं उठावशिल्प, तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच, जाडी सरासरी दहा सेंटिमीटर. शिल्पकाराने फार सुंदर घडवलं होतं. इमारतीच्या दारात ट्रक उभा राहिला तेव्हा कुणीतरी वजनाचा हिशेब केला. ग्रॅनाइट घनमीटरला साधारण २,७०० किलो. म्हणजे हा दगड सोळाशे किलोच्या वर. साध्या कार्यालयीन मजल्याचा स्लॅब चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलोचा भार धरून काढलेला असतो, आणि हा दगड जेमतेम एक तृतीयांश चौरस मीटरवर उभा राहणार होता. मागची भिंत पोकळ ब्लॉकची. तिच्यात अँकर बोल्ट मारले असते तर बोल्टासकट भिंतीचा तुकडा हातात आला असता. ते शिल्प चार महिने ताडपत्रीखाली पडून राहिलं. शेवटी भिंतीपुढे लोखंडी चौकट उभी केली, तिचा भार खालच्या बीमवर नेला. चौकटीचा खर्च शिल्पकाराच्या मानधनाहून जास्त झाला. पाया भरताना हाच माणूस बैठकीत असता, तर दोन जादा सळया आणि काँक्रीटची एक पट्टी एवढ्यावर भागलं असतं.

तुमच्याकडे ती वेळ निघून गेली आहे, म्हणून आता पहिलं काम भिंत वाचण्याचं. भिंतीमागून काय गेलंय त्याचा प्रत्यक्ष कामाप्रमाणे सुधारलेला नकाशा मागवा. मंजूर नकाशा चालणार नाही, दोन्हींत फरक असतोच. भिंत आरसीसी आहे की ब्लॉकची, प्लास्टरची जाडी किती, ओल येते का, एसीचं तोंड कुठे आहे, अग्निशमनाची पेटी कुठे येणार, हे लिहून काढा. ही पेटी फार दगाबाज. नकाशात ती शेजारच्या खांबावर असते आणि तपासणीच्या आदल्या रात्री बरोबर कलाकृतीच्या मध्यावर येऊन बसते. सीसीटीव्हीचे कॅमेरे आणि दिशादर्शक पाट्या यांचंही तेच. त्या भिंतीवर आता काहीही लावायचं तर आधी विचारायचं, असं परिपत्रक आजच काढा. कलाकृतीआधी परिपत्रक हे विचित्र वाटेल, पण त्याचा उपयोग होतो.

मग ऊन. काचेच्या दर्शनी भागातून दुपारी चारला सूर्य थेट भिंतीवर पडत असेल तर कापड, कागद, रंगवलेलं लाकूड हे पर्याय तिथेच बाद. रंग किती टिकतो हे मोजायला निळ्या लोकरीच्या पट्ट्यांचं एक ते आठ असं प्रमाण वापरतात. अशा जागी सात-आठच्या खालचे रंग नकोत. संग्रहालयात तैलचित्रासाठी सुमारे २०० लक्स प्रकाश पुरे मानतात. उन्हातल्या प्रवेशदालनात तो आकडा काही हजारांवर जातो. काच, दगड, धातू, भाजलेली माती असं काही असेल तर काळजी नाही.

शेवटी दार. हसू नका. कलाकृती कोणत्या दारातून आत येणार, वळणावर मावणार का, वर चढवायला क्रेन लागली तर ती फरशीवर उभी राहील का, हे तीन आकडे माझ्या वहीत पहिल्या पानावर असतात.

आता निविदेचं. सर्वांत कमी दराची निविदा ही पद्धत सिमेंटसाठी उत्तम आहे, कारण दोन गोण्यांत फरक नसतो. कलाकृतीला ती लावली की आधी वस्तूचं वर्णन लिहावं लागतं, आणि वर्णन लिहिणारा उपअभियंता बिचारा मोजता येतं तेच लिहितो: उंची इतकी, धातू अमुक, वजन किमान इतके किलो. मग बाजारात वजनच विकलं जातं. मी एक निविदा पाहिली आहे जिच्यात ‘मुक्त पक्षी, ब्राँझ, किमान ४०० किलो’ असं लिहिलं होतं. ज्याला काम मिळालं त्याने पक्षी हलका ओतला आणि वजन चबुतऱ्यात भरलं. मोजमाप वहीत सगळं बरोबर बसलं. पक्षी मात्र कबुतराला लाज वाटेल असा झाला.

म्हणून मी सांगतो, चित्र निवडू नका, माणूस निवडा. पहिल्या फेरीत सगळ्यांना खुलं आवाहन करायचं, पण मागायचं फक्त आधीचं काम: दहा-पंधरा छायाचित्रं, प्रत्येक कामाचा आकार, माध्यम, पूर्ण व्हायला लागलेला काळ आणि एका पानात या जागेबद्दलचं म्हणणं. यातून तीन ते पाच जण निवडायचे. त्यांना जागा दाखवायची, इमारतीच्या लोकांशी गाठ घालून द्यायची, आणि मग संकल्पना मागायची. पैसे देऊन मागायची, हा मुद्दा मी सोडत नाही. फुकट संकल्पना मागितली की ज्याच्याकडे आधीची चित्रं पडून आहेत तोच देतो, आणि जो जागेवर येऊन विचार करणार होता तो येतच नाही. प्रत्येकाला संकल्पनेचं मानधन, प्रवास आणि नमुन्याचा खर्च द्या. एकूण निधीच्या तीन-चार टक्क्यांत हे बसतं. लेखापरीक्षणात ‘न स्वीकारलेल्या कामाचे पैसे का दिले?’ असा आक्षेप येईल. त्याचं उत्तर आवाहनाच्या मसुद्यातच लिहून ठेवायचं: मानधन संकल्पना तयार करण्याच्या सेवेचं आहे, कलाकृतीचं नाही.

मग नावं झाकून घेतलेल्या खुल्या चित्रस्पर्धेला काय हरकत, असं कुणीतरी विचारतंच. तिचाही मोठा इतिहास आहे. मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, अमेरिकेच्या अर्थखात्याने एक विभाग काढून टपाल कार्यालयं आणि न्यायालयांत भित्तिचित्रं करून घेतली, बरीचशी नावं झाकलेल्या स्पर्धांतून. १९३९ मध्ये ४८ राज्यांसाठी एक मोठी स्पर्धा झाली, प्रत्येक राज्यातल्या एका टपाल कार्यालयासाठी एक चित्र. आयडाहो राज्यातल्या केलॉग या खाणींच्या गावासाठी निवडलेल्या चित्रात खाणीतल्या अपघातानंतर जखमी माणसाला बाहेर काढत आहेत असं दृश्य होतं. खाणकामगारांच्या संघटनेला ते आवडलं; खाणमालकांच्या बाजूच्या मंडळींनी हरकत घेतली. शेवटी गावाच्या स्थापनेच्या कथेवरचं दुसरं चित्र भिंतीवर लागलं. माझ्या मते पहिलं चित्र अधिक खरं होतं. पण परीक्षकांनी चित्र निवडलं तेव्हा गाव खोलीत नव्हतं, आणि गाव आलं तेव्हा चित्राच्या बाजूने बोलायला परीक्षक उरले नव्हते. झाकल्या नावांनी वशिला थांबतो, हे मान्य. पण कलावंत आणि जागा यांची गाठही त्याच झाकणाखाली जाते.

समिती सात जणांची पुरे. दोन कलावंत, एखादा कला-अभ्यासक किंवा संग्रहालयातला माणूस, वास्तुविशारद, इमारत वापरणाऱ्या कार्यालयाचे दोन जण आणि परिसरातला एक. कार्यालयाच्या दोघांपैकी एक खालच्या पायरीवरचा हवा. खिडकीवर बसून दिवसभर लोकांना तोंड देणारा कारकून प्रवेशदालनाबद्दल जे सांगतो ते विभागप्रमुखाला माहीत नसतं. स्थापत्य आणि विद्युत विभागाचे अभियंते बैठकीला हवेतच, पण त्यांना मत नको, फक्त नकाराधिकार: हे उभं राहील की नाही एवढ्यापुरता.

आणि साहेब. एका निवडीत समितीने एकमताने एक भित्तिशिल्प निवडलं, टिपणी वर गेली, आणि शेरा आला: ‘मंजूर. तथापि पक्ष्यांचा थवा उजवीकडे वळवावा.’ शिल्पाच्या डाव्या बाजूला खिडकी होती, थवा उजेडाकडे निघाला होता, सगळी रचना त्यावर उभी होती. शिल्पकार तीन दिवस फोन उचलेना. मग मी साहेबांना त्या रिकाम्या दालनात घेऊन गेलो, सकाळी दहाला. ऊन खिडकीतून भिंतीवर तिरपं येत होतं. मी काही बोललो नाही. दोन मिनिटांनी ते म्हणाले, ‘डावीकडेच असू दे.’ तेव्हापासून मी कार्यपद्धतीतच लिहून घेतो की मंजुरी देणारा अधिकारी समितीची शिफारस स्वीकारेल किंवा कारण देऊन परत पाठवेल, पण बदल सुचवणार नाही. समितीच्या इतिवृत्तातही निवडीची कारणं दोन-चार वाक्यांत यायला हवीत. ‘सर्वानुमते निवड केली’ एवढ्यावर पाच वर्षांनी कुणालाच बचाव करता येत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, म्हणजे नकोशी वाटली तर काय, याकडे येतो. या विषयात न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझाचं उदाहरण टाळता येत नाही. रिचर्ड सेरा या शिल्पकाराचं ‘टिल्टेड आर्क’ १९८१ मध्ये तिथल्या सरकारी कार्यालयांपुढच्या चौकात उभं राहिलं: १२० फूट लांब, १२ फूट उंच, अडीच इंच जाड पोलादाची किंचित कललेली, गंजलेल्या रंगाची भिंत. चौक ओलांडताना माणसाला स्वतःच्या चालण्याची जाणीव व्हावी, असा शिल्पकाराचा हेतू होता. जाणीव झाली. पण रोज दोनदा वळसा घालणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती त्रासाची झाली. तक्रारी साचत गेल्या आणि १९८५ मध्ये तीन दिवसांची जाहीर सुनावणी झाली. १८० जण बोलले. त्यांतले १२२ शिल्प ठेवा म्हणणारे, ५८ हटवा म्हणणारे. तरी सुनावणी घेणाऱ्या मंडळाने चार विरुद्ध एक मताने हटवण्याची शिफारस केली. शिल्पकार न्यायालयात हरला, आणि मार्च १९८९ मध्ये रात्री ते कापून उचललं गेलं. ते दुसरीकडे कुठेही लावलेलं नाही. या जागेसाठीच घडवलं असल्याने दुसरीकडे ते तेच शिल्प राहणार नाही, असं शिल्पकाराचं म्हणणं होतं.

यावरून लोक लगेच म्हणतात, अमूर्त कला सरकारी जागेत चालत नाही. चूक आहे. ‘टिल्टेड आर्क’ मागवणाऱ्या त्याच जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशनने, त्याच योजनेतून शिकागोच्या सरकारी संकुलात १९७४ मध्ये अलेक्झांडर कॅल्डरचं ‘फ्लेमिंगो’ उभारलं. तेही अमूर्त, पोलादी, ५३ फूट उंच. आजही तिथेच आहे. मागे वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहच्या काळ्या, काटकोनी इमारती, आणि पुढे हा तांबडा, कमानींचा पसरलेला प्राणी. पण कमानींखालून माणूस सरळ चालत जातो. माझ्या मते फरक इथे आहे. एकाने रोजची वाट अडवली, दुसऱ्याने वाटेवर छप्पर धरलं. सेराचं काम कमी दर्जाचं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ज्यांची वाट अडणार होती त्यांना कुणी आधी भेटलं होतं का, हा प्रश्न काम मागवणाऱ्याने स्वतःला विचारायचा असतो. शिल्पकाराने नव्हे.

म्हणून मी संकल्पना मागवण्याआधी एक दिवस त्या कार्यालयाच्या जुन्या जागेत बाकावर बसून काढतो. लोक कुठे उभे राहतात, किती वेळ, कुठे बघतात, मुलं काय हात लावतात. एका ठिकाणी लक्षात आलं की लोक रांगेत सरासरी चाळीस मिनिटं भिंतीकडे पाठ करून उभे असतात. भव्य भित्तिचित्राचा बेत तिथेच बदलला. कलाकृती रांगेसमोरच्या बुटक्या भिंतीवर गेली, डोळ्यांच्या उंचीला, बारीक तपशिलांची, चाळीस मिनिटं वाचत राहावी अशी. उद्घाटनाच्या छायाचित्रात ती नीट दिसत नाही. पण तिच्या खालच्या कडेचा ब्राँझ आज बोटं फिरून फिरून पिवळा झालाय.

लोकांना विचारायचं म्हणजे चित्रावर मतदान घ्यायचं, असं नाही. तीन संकल्पना दालनात लावून ‘तुम्हाला कोणती आवडते?’ असा कागद ठेवला की सगळ्यांत गुळमुळीत संकल्पना जिंकते. जागेबद्दल विचारा, चित्राबद्दल नको. निवड झाल्यावर मात्र कलावंताला कर्मचाऱ्यांपुढे उभं करा, नमुना दाखवा, प्रश्न येऊ द्या. मतदान अटळच असेल तर ते निवडून आलेल्यांनी आपल्या नावावर करावं. जर्मनीच्या संसदेने हान्स हाके या कलावंताच्या कामावर २००० साली सभागृहात चर्चा करून मतदान घेतलं. इमारतीच्या दर्शनी भागावर १९१६ पासून ‘जर्मन जनतेला’ अशा अर्थाची अक्षरं आहेत. हाके यांनी आतल्या चौकात त्याच वळणाच्या अक्षरांत ‘रहिवाशांना’ असं लिहायचं आणि भोवती खासदारांनी आपापल्या मतदारसंघातली माती आणून टाकायची, अशी कल्पना मांडली. बाजूने २६०, विरोधात २५८. दोन मतांनी तरलं, पण दोन्ही बाजू सभागृहात उघडपणे मांडल्या गेल्या, आणि काम आजही तिथे आहे.

कायद्याचं थोडक्यात. पैसे दिले म्हणजे वस्तू सरकारची झाली, पण कलावंताचा तिच्याशी संबंध तुटत नाही. लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १९२८ च्या दुरुस्तीपासून कर्त्याचे नैतिक हक्क मान्य आहेत: नाव लागण्याचा आणि कामाची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाधा आली तर दाद मागण्याचा. भारतात हे प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये नूतनीकरणात उतरवून गोदामात टाकलं गेलं आणि त्याचे तुकडे झाले. सेहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, नुकसानभरपाई ठरवली आणि उरलेले अवशेष त्यांना परत करायला सांगितले. अमेरिकेत टिल्टेड आर्क हटवल्याच्या पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, दृश्यकलावंतांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात इमारतीचा भाग असलेली कलाकृती न मोडता काढता येत असेल तर मालकाने कलावंताला नोटीस द्यावी आणि ती काढून नेण्यासाठी ९० दिवस द्यावेत, अशी तरतूद आहे.

तेव्हा काढता येते का, याचं उत्तर करारात आजच लिहा. कोण ठरवणार, लेखी कारण लागणार, कलावंताला किती दिवसांची नोटीस, उतरवताना त्याच्या देखरेखीचा अधिकार, त्याला परत हवी असेल तर कोणत्या अटीवर. पहिली पाच-सात वर्षं हटवण्याचा विषयच निघणार नाही असंही मी घालतो. नव्या कलाकृतीवर पहिल्या वर्षी होणारी ओरड बरेचदा तिच्यावर नसतेच. खुर्च्या मिळाल्या नाहीत, लिफ्ट बंद आहे, आणि पैसे ‘यावर’ घालवले, असा तो राग असतो.

जमेल तिथे काम सोडवता येईल असंच लावा. वर सांगितलेली टपाल कार्यालयांतली बरीच भित्तिचित्रं खरं तर भिंतीवर काढलेलीच नव्हती. चित्रकाराने ती आपल्या कार्यशाळेत कॅनव्हासवर रंगवली आणि मग शिशाच्या पांढऱ्या रंगाच्या लेपाने भिंतीला चिकटवली. म्हणूनच इमारत विकली वा पाडली गेली तरी त्यांतली कित्येक सोलून काढून वाचवता आली. ओल्या प्लास्टरवरचं चित्र भिंतीबरोबर जातं.

पैशाचे टप्पे हा करारातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. ठेकेदाराला काम झाल्यावर पैसे देतात, तोच नियम शिल्पकाराला लावला तर तो धातू कशाने घेणार? सहा मिलिमीटर जाडीचा ब्राँझ चौरस मीटरला पन्नास किलोच्या वर जातो, आणि ओतकामवाला भट्टी पेटवण्याआधी पैसे मागतो. मी साधारण असं धरतो: करारावर सहीच्या वेळी पंधरा टक्के, अंतिम आराखडा व पूर्ण मापाचा नमुना मंजूर झाल्यावर पंचवीस, साहित्य खरेदी व ओतकामाला तीस, जागेवर बसवल्यावर वीस, आणि कागदपत्रं व देखभालपत्रक दिल्यावर दहा. बँक हमी बहुतेक कलावंतांना झेपत नाही. त्याऐवजी पैसे दिलेल्या धातूची आणि साच्यांची मालकी त्या टप्प्यालाच सरकारकडे येते, असं कलम घातलं की लेखा विभागही शांत होतो. निधीतला दहा टक्के भाग अनपेक्षित खर्चासाठी कुणालाही न सांगता बाजूला ठेवा. बसवण्याच्या दिवशी लागतोच.

देखभालपत्रक म्हणजे काय, ते एका मावशींनी मला शिकवलं. एका इमारतीत उद्घाटनानंतर दोन महिन्यांनी गेलो. उभ्या माणसाचं ब्राँझ शिल्प. त्याची दाट तपकिरी, कडांना हिरवट पटिना, म्हणजे धातूवरचा रंगीत थर, शिल्पकाराने रसायनं लावून, ज्योतीने तापवून तापवून बसवलेली. गुडघ्यापासून खालचे पाय मात्र नव्या पितळी भांड्यासारखे लखलखत होते. सफाईचं काम करणाऱ्या मावशी अभिमानाने म्हणाल्या, ‘फार काळे पडले होते हो पाय. दोन बाटल्या पॉलिश लागलं. वरचं शिडी मिळाली की करते.’ चूक त्यांची नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं. आता मी देखभालपत्रक एका पानाचं, मोठ्या अक्षरांत, सफाईच्या साहित्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो: मऊ कोरडं कापड, पॉलिश नाही, आम्ल नाही, वर्षातून एकदा मेणाचा हात, तोही शिकवलेल्या माणसाकडून. दोषदायित्व काळात, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, शिल्पकाराने एकदा येऊन हे प्रत्यक्ष करून दाखवायचं, हे करारात.

माध्यमांबद्दल दोनच इशारे. गंजाचा थर धरून टिकणारं पोलाद देखणं दिसतं, पण पहिली काही वर्षं त्यावरून ओघळणारं पाणी खालच्या दगडावर तांबडे डाग पाडतं, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तो थर स्थिरच होत नाही. दुसरं, पडदे आणि प्रोजेक्टर. दहा वर्षांनी ते यंत्र बाजारात मिळणार नाही असं गृहीत धरा आणि मूळ फाइली, आज्ञावली आणि ‘यंत्र बदलताना काय बदललं तर चालेल’ हे कलावंताकडून लिहून घ्या. हे नसेल तर पाचव्या वर्षी काळा पडदा उरतो आणि त्यावर कुणीतरी सूचना चिकटवतं.

राहिलं याच वर्षात निधी खर्ची पाडण्याचं. शिल्पकार रामकिंकर बैज यांना दिल्लीतल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीपुढे यक्ष-यक्षी घडवायला दशकाहून जास्त लागलं. हवा तसा दगड शोधण्यापासून तयारी होती. तेवढं थांबायला कुणी सांगत नाही, पण मोठ्या भित्तिशिल्पाला आवाहनापासून बसवण्यापर्यंत अठरा महिने लागतात, आणि मार्चअखेरीला धरून केलेलं काम ओळखू येतं. तुम्ही या वर्षात निवड, संकल्पनेची मानधनं आणि करार एवढं पूर्ण करा. पहिले दोन टप्पे मिळून करारातले चाळीस टक्के खर्ची पडतील, उरलेल्यासाठी बांधील खर्च म्हणून मुदतवाढ मागा. वित्त विभाग नाहीच म्हणाला तर हट्टाने नवं काही घडवून घेऊ नका. चांगल्या कलावंतांची तयार कामं विकत घ्या आणि ती मजल्यांवरच्या प्रतीक्षा-जागांत लावा. मोठी भिंत तोवर रिकामी राहू दे. तिच्यावर चुना चांगला दिसतो.

आणि उद्या एक करा. सकाळी दहा, दुपारी एक आणि चार, अशा तिन्ही वेळी दारातून आत येणारा माणूस जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे उभं राहून त्या भिंतीचं छायाचित्र काढा. शेजारी मापासाठी एक माणूस उभा करा. तीन छायाचित्रं, भिंतीमागचा नकाशा आणि दाराचं माप, एवढं आवाहनाच्या पत्राला जोडा. हे बघून जो कलावंत तुम्हाला उलट प्रश्न विचारेल, त्याचा अर्ज वरच्या गठ्ठ्यात ठेवा.